युजीन टोरे : एका बुद्धिबळपटूची हकीगत



गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मैदानावर पाणी सांचल्यामुळें खेळाचा तास वाचनालयांत घ्यावा लागला. तेथें बसल्या बसल्या मीं नववीच्या मुलांना फिलिपाइन्स देशांतील प्रसिद्ध बुद्धिबळपटु युजीन टोरे यांची हकीगत सांगण्यास आरंभ केला. मुलें लक्ष देऊन ऐकत होतीं, परंतु गोष्ट अर्ध्यावर आली तोंच मागील बांकावरून एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, शेवटीं ते जगज्जेते झाले का?" मीं म्हटलें, "नाहीं." त्यावर तो म्हणाला, "मग त्यांची गोष्ट कशाला ऐकावयाची?" वर्गांत हशा पिकला. तेवढ्यांत घंटा झाली, आणि त्या मुलाचें उत्तर राहून गेलें.

त्याचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. आपल्यापैकीं पुष्कळ जण, आणि त्यांत आईवडीलही आले, मुलांच्या अभ्यासाविषयीं व खेळाविषयीं हाच प्रश्न मनांतल्या मनांत विचारीत असतात. पहिला नंबर यावयाचा नसेल तर एवढे कष्ट कशासाठीं? म्हणून त्या दिवशीं अर्धवट राहिलेली गोष्ट आज येथें पुरी सांगतों, आणि उत्तर देण्याचा यत्न करितों.

बुद्धिबळांचा खेळ मूळचा आपल्याच देशांतला. चतुरंग या नांवानें तो येथें खेळला जात असे. येथून तो इराणांत गेला, इराणांतून अरबांकडे, आणि अरबांच्या हातून युरोपांत. 'शह' व 'मात' हे आपल्या तोंडचे शब्द त्याच प्रवासाची खूण होत. युरोपांत गेल्यावर खेळाचे नियम पालटले. पूर्वीं वजीर तिरपें एकच घर सरकत असे; पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरा झाला, आणि उंटाची चालही लांबली. आज जगभर खेळला जातो तो या नव्या नियमांचा खेळ. त्यामुळें मोठी विलक्षण गोष्ट झाली. ज्या खंडांत खेळ जन्मास आला, त्याच खंडांतील खेळाडूंना तो युरोपियन ग्रंथांवरून पुन्हां शिकावा लागला.

खेळाची जागतिक संस्था फीडे ही १९२४ सालीं पॅरिस येथें स्थापन झाली. या संस्थेनें १९५० सालीं 'ग्रँडमास्टर' हा किताब रीतसर देण्यास प्रारंभ केला, तेव्हां पहिल्या यादींत २७ खेळाडू होते. हा किताब एखादा डाव जिंकून मिळत नाहीं. नामांकित प्रतिस्पर्ध्यांशीं ठराविक संख्येचे डाव खेळून त्यांत ठरलेले गुण मिळवावे लागतात. आशियांतील खेळाडूला अशा प्रतिस्पर्ध्यांची गांठ पडणेंच दुरापास्त होतें. कारण मोठ्या स्पर्धा युरोपांत भरत, आणि तेथवर जाण्यास पैसा व आमंत्रण दोन्ही लागत.

केवळ बुद्धीच्या बळावर हें अंतर कापतां येत नाहीं, याचें एक उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. पंजाबांतील मीर सुलतान खान हे सर उमर हयात खान यांच्या पदरीं होते. १९२९ सालीं ते आपल्या धन्याबरोबर इंग्लंडांत गेले आणि त्याच वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसले. १९३२ व १९३३ सालींही त्यांनीं तें पद मिळविलें. माजी जगज्जेता कॅपाब्लांका यालाही त्यांनीं एका डावांत हरविलें. परंतु धनी स्वदेशीं परतला, तेव्हां तेही परतले, आणि पुढें त्यांचें नांव मोठ्या स्पर्धांतून दिसेनासें झालें. १९६६ सालीं ते वारले. फीडेनें त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनीं. सुलतान खान एकटेच गेले आणि एकटेच परतले. त्यांच्यामागून चालणाऱ्यांसाठीं वाट तयार झाली नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवा, म्हणजे टोरे यांनीं काय केलें तें नीट समजेल.

फिलिपाइन्स हा सहस्रावधि बेटांचा देश आहे. त्यावर तीन शतकांहून अधिक काळ स्पेनचें राज्य होतें, नंतर अमेरिकेचें. १९४६ सालीं तो स्वतंत्र झाला. त्या देशांतील पनाय बेटावर इलोइलो नांवाचें शहर आहे. तेथें ४ नोव्हेंबर १९५१ रोजीं युजीन टोरे यांचा जन्म झाला.

बुद्धिबळांची ऑलिंपियाड सामान्यतः दर दोन वर्षांनीं भरते. तींत एकेकटे खेळाडू न जातां देशांचे संघ जातात. संघांतील सर्वांत बलवान खेळाडू बहुधा पहिल्या पटावर बसतो, आणि त्याची गांठ दुसऱ्या देशाच्या पहिल्या खेळाडूशीं पडते. १९७० सालीं जर्मनींतील सीगेन येथील ऑलिंपियाडमध्यें टोरे प्रथम आपल्या देशाकडून खेळले. तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. चार वर्षांनीं, १९७४ सालीं, फ्रान्समधील नीस येथें त्यांनीं पहिल्या पटावर रौप्यपदक मिळविलें आणि ग्रँडमास्टर हा किताब संपादन केला. आशियाचा पहिला ग्रँडमास्टर म्हणून त्यांची गणना होते. त्या वेळीं ते बावीस वर्षांचे होते. किताब सुरू होऊन तेव्हां चोवीस वर्षें लोटलीं होतीं, यावरून तें दार किती जड होतें याची कल्पना येईल.

त्यानंतर दोन वर्षांनीं, १९७६ सालीं, मनिला येथें चार खेळाडूंची एक स्पर्धा भरली. त्यांत सोव्हिएत रशियाचा अनातोली कारपोव्ह होता. तो आदल्याच वर्षीं जगज्जेता झाला होता. युगोस्लाव्हियाचा ल्युबोयेविच आणि अमेरिकेचा ब्राऊन हे दुसरे दोन पाहुणे. या स्पर्धेंत टोरे यांनीं कारपोव्हला एका डावांत हरविलें आणि पहिला क्रमांकही पटकाविला. तो डाव मीं आपल्या मुलांना अनेकदां मांडून दाखविला आहे. ज्यांना खेळ येतो त्यांच्यासाठीं त्यांतील मर्म सांगतों.

पांढरीं मोहरीं कारपोव्हकडे होतीं, काळीं टोरे यांच्याकडे. टोरे यांनीं सिसिलियन नांवाचा बचाव स्वीकारला. पांढऱ्या राजानें वजिराच्या बाजूस किल्लेकोट केला, आणि टोरे यांनीं त्याच बाजूचीं आपलीं प्यादीं हळूहळू पुढें ढकलण्यास प्रारंभ केला. पंचविसाव्या खेळीला त्यांनीं दुसऱ्या बाजूचें एक प्यादें पुढें सारून पांढऱ्या घोड्याच्या तोंडीं दिलें. नवशिक्या म्हणेल, प्यादें फुकट गेलें. परंतु तें प्यादें हललें म्हणून त्याच्या जागीं काळा उंट येऊन बसला, आणि पांढऱ्या राजाकडे जाणारी तिरपी वाट त्याच्या ताब्यांत आली. पुढें चार खेळ्यांनीं काळ्याच्या एका साध्या प्याद्यानें जगज्जेत्याच्या राजाला शह दिला. राजा मागें सरला; तें प्यादें मात्र तेथेंच ठाण मांडून राहिलें, आणि त्यानें राजाची बाहेर पडण्याची वाट अखेरपर्यंत अडवून धरली. शेवटीं कारपोव्हच्या वजिरानें काळ्या राजाला शहामागून शह दिले. टोरे यांनीं गडबड केली नाहीं. एकेक शह चुकवीत त्यांचा राजा शांतपणें सुरक्षित घरीं पोंचला, आणि पांढऱ्यानें डाव सोडला.

या डावांत वजिरानें मोठा पराक्रम केला असें कोणी म्हणेल, आणि तें खोटेंही नाहीं. परंतु मला त्यांतील तें प्यादेंच अधिक आवडतें. त्यानें कोणाला मारलें नाहीं, तें पुढें जाऊन वजीरही झालें नाहीं. आपलें घर धरून राहिलें, एवढेंच त्याचें काम. तें नसतें तर राजा निसटला असता.

या विजयाचा परिणाम एका स्पर्धेपुरता राहिला नाहीं. फिलिपाइन्समध्यें बुद्धिबळांची आवड आधींपासूनच होती; ती आतां घरोघर पोंचली. फ्लोरेन्सिओ कॅम्पोमानेस या फिलिपिनो संघटकानें १९७८ सालचा जगज्जेतेपदाचा सामना आपल्या देशांतील बागिओ या थंड हवेच्या गांवीं आणला. कारपोव्ह व कोर्चनॉय यांच्यांतील तो सामना जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तीन महिने चालला आणि त्यांत ३२ डाव झाले. पुढें १९८२ सालीं कॅम्पोमानेस हेच फीडेचे अध्यक्ष झाले, आणि १९९२ ची ऑलिंपियाड मनिला येथें भरली.

याच सुमारास आपल्या देशांतील एक लहान मुलगा मनिला येथें राहावयास गेला. त्याचे वडील रेल्वेंतील अधिकारी असून कामानिमित्त तेथें गेले होते. तेथील दूरचित्रवाणीवर दुपारीं बुद्धिबळांचा कार्यक्रम असे, आणि शेवटीं प्रेक्षकांना एक कोडें घातलें जाई. मुलगा त्या वेळीं शाळेंत असे. म्हणून त्याची आई तें कोडें उतरून ठेवी आणि सायंकाळीं दोघें मिळून तें सोडवीत. बरोबर उत्तराला पुस्तक बक्षीस मिळे. या मुलानें इतकीं बक्षिसें मिळविलीं कीं, अखेर त्या मंडळींनीं त्याला हवीं तेवढीं पुस्तकें घेऊन जा, पण आतां उत्तरें पाठवूं नकोस, असें सांगितल्याची आठवण त्यानें स्वतःच पुढें सांगितली आहे. तो मुलगा म्हणजे विश्वनाथन आनंद. १९८८ सालीं ते भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले, आणि पुढें अनेकवार जगज्जेते. आनंद यांची बुद्धि त्यांचीच होती आणि श्रमही त्यांचेच. परंतु ज्या देशांत भरदुपारीं दूरचित्रवाणीवर बुद्धिबळांचा कार्यक्रम चाले, त्या देशांत तें वातावरण निर्माण करण्यांत टोरे यांच्या विजयांचा वांटा मोठा होता. आज आपल्या देशांत ग्रँडमास्टरांची संख्या ऐंशीच्या वर गेली आहे. २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं महिलांचा विश्वचषक जिंकून हाच किताब मिळविला, तेव्हां किती जणांना इलोइलोच्या त्या गृहस्थांची आठवण झाली असेल?

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. टोरे जगज्जेतेपदाच्या किती जवळ गेले होते? १९८२ सालीं मेक्सिकोंतील तोलुका येथें आंतरविभागीय स्पर्धा झाली. चौदा खेळाडूंतून पहिले दोघे पुढें जावयाचे होते. हंगेरीचा पोर्टिश आणि टोरे या दोघांनीं सारखे गुण मिळवून पहिला क्रमांक वांटून घेतला. माजी जगज्जेता स्पास्की हाही त्या स्पर्धेंत होता. तो मागें राहिला. अशा रीतीनें जगज्जेत्याला आव्हान देण्यासाठीं जे आठ उमेदवार उरले, त्यांत टोरे यांचें नांव आलें. त्याच आठांत तरुण कास्पारोव्ह होता, जो पुढें १९८५ सालीं जगज्जेता झाला.

१९८३ सालीं स्पेनमधील अलिकांते येथें टोरे यांचा सामना हंगेरीच्या रिबली याच्याशीं झाला. दहा डावांअखेर रिबलीचे सहा गुण झाले, टोरे यांचे चार. सामना संपला, आणि त्याबरोबर जगज्जेतेपदाची वाटही संपली. त्यानंतर टोरे उमेदवारांच्या फेरींत पुन्हां कधीं आले नाहींत. त्या वेळीं ते एकतीस वर्षांचे होते.

मुलांनो, येथें क्षणभर थांबा. एवढ्या उंचीवरून खालीं उतरावें लागलें म्हणजे माणसाला दोनच वाटा दिसतात. पट मिटवून ठेवावा आणि जुन्या विजयाच्या आठवणींवर जगावें, ही एक. दुसरी वाट अधिक कठीण. आपण आतां पहिले नाहीं हें ठाऊक असूनही त्याच पटापुढें पुन्हां जाऊन बसावें. टोरे यांनीं दुसरी वाट धरली.

१९८६ सालीं दुबई येथील ऑलिंपियाडमध्यें त्यांनीं पहिल्या पटावर कांस्यपदक मिळविलें. १९८८ सालीं ग्रीसमधील थेसालोनिकी येथें त्यांच्या देशाचा संघ सातव्या क्रमांकापर्यंत चढला. १९९२ सालीं बॉबी फिशर वीस वर्षांच्या अज्ञातवासांतून बाहेर येऊन युगोस्लाव्हियांत स्पास्कीशीं पुन्हां सामना खेळला, तेव्हां त्याच्या साहाय्यास टोरे होते. ज्यानें एकदां जगज्जेत्याला हरविलें, त्यानें दुसऱ्याच्या पाठीमागें बसून त्याच्या डावांची चिकित्सा करावी, यांत कोणाला कमीपणा वाटेल. त्यांना तो वाटला नाहीं.

याप्रमाणें वर्षें गेलीं. बरोबरीचे खेळाडू एकेक करून खेळांतून निवृत्त झाले. संगणकावर शिकलेलीं मुलें त्यांच्यासमोर येऊन बसूं लागलीं. १९७० पासून २००६ पर्यंतची एकही ऑलिंपियाड टोरे यांनीं चुकविली नाहीं. २००८ सालीं एकवार खंड पडला. २०१० सालीं ते पुन्हां आले. २०१६ सालीं अझरबैजानची राजधानी बाकू येथें ते आपल्या तेविसाव्या ऑलिंपियाडमध्यें खेळले. इतक्या ऑलिंपियाड खेळण्याचा तो विक्रमच झाला. त्या वेळीं ते चौसष्ट वर्षांचे होते, आणि पहिला पट आतां त्यांचा नव्हता. ते तिसऱ्या पटावर बसले. अकरा डावांत त्यांनीं नऊ जिंकले, दोन बरोबरींत सोडविले, आणि एकही हरला नाहीं. अकरांपैकीं दहा गुण! त्या पटाचें कांस्यपदक त्यांना मिळालें. नीसच्या रौप्यपदकाला तेव्हां बेचाळीस वर्षें झालीं होतीं.

आतां माझें उत्तर ऐक. टोरे जगज्जेते झाले नाहींत, हें खरें. परंतु जगज्जेतेपद एका वेळीं एकालाच मिळतें. बाकीच्यांचे श्रम व्यर्थ मानले तर जगांतील बहुतेक सर्व श्रम व्यर्थ ठरतील. तुझ्या वडिलांचे आणि माझेही. जो पहिल्यानें वाट पाडतो तो त्या वाटेनें सर्वांत दूर जातो असें नाहीं. पुष्कळ वेळां त्याच्यामागून येणारे त्याच्या पुढें जातात, आणि ते पुढें गेले हीच त्यानें वाट नीट पाडल्याची साक्ष असते. आणखी असें पाहा, कीं कारपोव्हवरील विजय हा एका दिवसाचा होता. तेवीस वेळां देशासाठीं जाऊन बसणें हें सेहेचाळीस वर्षांचें काम होतें. पहिल्यासाठीं प्रतिभा लागते. ती सर्वांना मिळत नाहीं. दुसऱ्यासाठीं जें लागतें तें तुझ्याजवळ आहे, जर तूं ठेवशील तर.

पालकांना दोन शब्द सांगावयाचे आहेत, आणि ते सांगतांना मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. तो अभ्यासांत मागें पडत चालला होता. एकदां गणिताच्या तासाला मांडीवर लहानसा घडीचा पट उघडून तो शेजाऱ्याबरोबर खेळत असतां सांपडला. मीं पट व मोहरीं काढून घेतलीं, आणि सर्व वर्गासमक्ष म्हटलें, "तूं काय यांत जगज्जेता होणार आहेस?" परीक्षा झाल्यावर पट परत देईन, असेंही म्हटलें होतें. तो परत मागावयास आला नाहीं. पुढील वर्षीं त्याच्या वडिलांची बदली झाली व तो शाळा सोडून गेला.

तासाच्या वेळीं खेळणें गैर होतें, आणि पट काढून घेणें हें माझें कर्तव्यच होतें. परंतु तें वाक्य गैर होतें. यंदा वाचनालयांत जेव्हां त्या विद्यार्थ्यानें टोरे यांच्याविषयीं तोच प्रश्न मला विचारला, तेव्हां तो त्याला कोणी शिकविला हें मला कळून चुकलें. आम्हींच शिकविला, शिक्षकांनीं आणि आईवडिलांनीं. खेळापायीं अभ्यास सोडावा असें मी कधींही म्हणणार नाहीं. अभ्यासाची वेळ अभ्यासाला आणि खेळाची खेळाला द्यावी, हें जुनेंच सांगणें आहे. परंतु मूल एखाद्या गोष्टींत मन घालून बसलें असेल, तर "यांतून तुला काय मिळणार?" एवढेंच विचारूं नये. एका आईनें दुपारचीं कोडीं उतरून ठेवलीं, तेव्हां त्यांतून काय मिळणार हें तिला ठाऊक नव्हतें.

तो घडीचा पट इतकीं वर्षें माझ्या कपाटांत होता. यंदा मीं तो वाचनालयांत ठेवला आहे. काळा एक हत्ती हरवला असून त्याच्या जागीं कोटाची गुंडी चालवावी लागते. शनिवारीं शाळा सुटल्यावर तासभर तेथें डाव चालतात, आणि प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी हल्लीं नियमानें येतो. बहुतेक वेळां तो हरतो. मागच्या शनिवारीं हरल्यावर त्यानें मोहरीं पुन्हां मांडलीं, आणि गुंडी जागेवर ठेवून समोरच्याला म्हणाला, "चल, आणखी एक."